टांकसाळीची चूक आणि कानशीची करामत



कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही त्या विषयांना एक दिवसाची रजा दिली आहे. आजचा विषय आहे नाण्यांचा. आणि त्यातही सदोष नाण्यांचा. टांकसाळीतून चुकून बाहेर पडलेले नाणे कोणते, आणि बाहेर कोणी तरी कानस, हातोडा किंवा लेथ चालवून बनवलेले नाणे कोणते, हे कसे ओळखावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

हा तर पैसेवाल्यांचा छंद, त्याचे हमालाला काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या कचेरीत एक नवीनच प्रकार सुरू झाला आहे. नांदेडचा बांधकाम मजूर असो की लातूरच्या मोंढ्यातील हमाल असो, आपली तक्रार सांगून झाली की तो हळूच रुमालाची गाठ सोडतो, एक नाणे टेबलावर ठेवतो आणि विचारतो, “भाऊ, ह्याचे लाख रुपये येतेत म्हणं, खरं हाय का?” ज्याच्या हाती दिवसाला मोजकेच रुपये पडतात, तो एका रुपयात लाख पाहू लागला की त्याच्यामागे कोणी तरी जाळे घेऊन उभा आहे, असे खुशाल समजावे. म्हणून हा विषय.

नाणे पारखून घेण्याची सवय आपल्या मराठवाड्याला नवी नाही. निजामाच्या राज्यात आपल्याकडे हाली शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखातला रुपया कलदार म्हणून ओळखला जाई. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा ढोबळ हिशेब असे. १९४८ साली संस्थान भारतात सामील झाल्यावरही काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात होती. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला रुपया हातात घेताच तो कोणता, केवढ्याचा आणि खरा की खोटा, हे पाहावेच लागे. ते तो दगडावर वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. आज आपण माणसांविषयी जे शब्द वापरतो ते या पारखीतूनच आलेले आहेत.

त्यांच्या त्या ‘कलदार’ शब्दातच आजच्या विषयाची किल्ली आहे. कल म्हणजे यंत्र; कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे ज्याला कळले त्याला सदोष नाणे कळले. यंत्राची चूक यंत्राच्या चालीप्रमाणेच होते. माणसाच्या हाताने मागाहून केलेली लबाडी त्या चालीत बसत नाही. आमचे सर्व सांगणे या एका वाक्यात आहे. पुढे आहे तो केवळ त्याचा विस्तार.

आधी नाणे कसे होते ते पाहू. आपल्या देशात सरकारी टांकसाळी चार : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टांकसाळ १८२९ सालापासूनची, तर नोएडाची १९८८ सालची. नाण्यावरील सनाखाली बारीक चौकट असेल तर ते मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, टिंब असेल तर नोएडाचे आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे, अशी अलीकडच्या नाण्यांची सर्वसाधारण ओळख आहे. हे येथेच सांगण्याचे कारण असे की, याच खुणा दाखवून ‘हे पाहा चुकीचे नाणे’ म्हणून भोळ्या माणसाला फसवतात. ती चूक नव्हे, ती टांकसाळीची सही आहे.

या टांकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापून काढतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात. मग एका यंत्रातून त्या दाबत फिरवून त्यांची कड किंचित उचलून घेतात. शेवटी दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवून तिच्यावर प्रचंड दाबाचा ठोका बसतो. एक ठसा खाली, एक वर, आणि धातू बाजूंना पसरू नये म्हणून भोवती पोलादी कडे. चकती, ठसा आणि ठोका हे तीन शब्द लक्षात ठेवावेत. टांकसाळीची खरी चूक या तीनपैकी एका ठिकाणी झालेली असते. चौथे ठिकाण दाखवणारा मनुष्य लबाड तरी असतो किंवा स्वतः फसलेला तरी.

प्रथम चकतीची चूक घेऊ. पट्टी पुढे सरकताना थोडी कमी सरकली, तर कापणारे हत्यार आधी पडलेल्या भोकावरच थोडेसे बसते आणि चकतीला चंद्रकोरीसारखा खाच घेऊन ती बाहेर पडते. त्या चकतीचे नाणे झाले की लोक म्हणतात, उंदराने कुरतडले. असा खाच कानशीनेही करता येतो. मग फरक कसा पाहावा? खाचाकडे पाहू नका. खाचाच्या बरोबर समोरची कड पाहा. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी एकाच वेळी दाबली जाते. एका बाजूला खाच असेल तर तेथे दाब बसत नाही, आणि तेथे बसला नाही म्हणजे समोरच्या बाजूलाही बसत नाही. म्हणून खऱ्या नाण्यात खाचाच्या समोरची कड दबकी, पुसट असते. शिवाय ठोका बसताना धातू खाचाच्या मोकळ्या जागेकडे ओढला जातो, त्यामुळे जवळची अक्षरे त्या दिशेला निमुळती, अशक्त होतात. कानशीवाल्याच्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षरे सुरीने फळ कापावे तशी तुटलेली असतात. कानस चालवणाऱ्याला खाच करता येतो. समोरच्या कडेवरचा परिणाम करता येत नाही, कारण तो आहे हेच त्याला ठाऊक नसते.

दुसरी चूक ठशाची. ठसा पोलादाचा असला तरी लाखो ठोके खाऊन थकतो आणि त्याला भेग पडते. आता विचार करा : ठशावर भेग म्हणजे खोलगट जागा. पुढच्या ठोक्याला धातू त्या खोलगट जागेत शिरणार. म्हणजे नाण्यावर ती भेग उठावदार रेघ म्हणून दिसणार. उलट, नाण्यावर कोणी मागाहून खिळ्याने ओरखडा काढला तर तो खोल असतो. यावरून एक सोपा नियम निघतो. ठशाची दुखापत नाण्यावर वर येते. नाण्याची दुखापत नाण्यात आत जाते. एवढा एक नियम नखाने चाचपून पाहिला तरी निम्मी लबाडी उघडी पडेल. हीच गोष्ट गहाळ अक्षराची. ठशात तेलकट मळ आणि धातूचा कीस भरला तर एखादे अक्षर उमटत नाही. परंतु त्या जागेची पातळी आणि चमक आजूबाजूसारखीच असते. अक्षर घासून काढलेले असेल तर भिंगातून तेथे बारीक ओरखडे दिसतात आणि जागा खाली गेलेली असते. दुर्मीळ सनाचे नाणे बनवण्यासाठी आकडा कोरून बदललेला असेल, तर त्याची खूणही तेथेच सापडते.

तिसरी चूक ठोक्याची. चकती मध्यावर बसली नाही तर चित्र एका बाजूला सरकते आणि दुसरीकडे कोरी जागा राहते. असे नाणे वजन करून पाहावे. चित्र सरकले म्हणून धातू कमी झालेला नसतो, म्हणून वजन भरते. घासून कोरी जागा केली असेल तर वजन घटते. दुसरा प्रकार अधिक गमतीचा. एखादे नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढची चकती त्या चिकटलेल्या नाण्यावर ठोकली जाते. मग तिच्या एका बाजूला बरोबर चित्र, आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखे उलटे व खोलगट उमटते. हे पाहून काही लोक दोन नाणी एकावर एक ठेवून शेगड्यात आवळतात. अक्षरे उलटी उमटतात खरी, परंतु त्यांच्याखाली मूळ चित्र चेपलेल्या अवस्थेत शिल्लक असते. टांकसाळीत चकती कोरी होती, म्हणून खाली काही असण्याचा संभवच नाही.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचेही असेच. मधली चकती नसलेले कडे टांकसाळीतून आले असेल, तर ठोक्याच्या वेळी धातू मोकळ्या भोकाकडे सरकतो आणि भोकाची कड आत दबून येते. मधली चकती मागाहून ठोकून काढली असेल तर भोक मूळ मापाचे राहते आणि काढतानाच्या जखमा दिसतात.

लोहचुंबकाचाही उपयोग आहे, परंतु सन पाहून करावा. पाच रुपयांचे १९९२ पासूनचे तांबे-निकेलचे जाड नाणे ९ ग्रॅमचे असून चुंबकाला चिकटत नाही. २००७ सालचे ६ ग्रॅमचे पोलादी नाणे चिकटते. दोन्ही सरकारनेच काढली. ‘चुकीच्या धातूवर पडलेले’ म्हणून दुसरे विकणारे आम्ही पाहिले आहेत.

आणि हाताने ठोकलेली जुनी नाणी? शिवराईवर, किंवा निजामाच्या राज्यातल्या यंत्रापूर्वीच्या रुपयांवर, संपूर्ण मजकूर क्वचितच मिळतो, कारण ठसा मोठा आणि तुकडा लहान असे. तेथे अर्धवट चित्र हा दोष नसून रीत आहे. चूक ठरवायची तर आधी नियम ठाऊक पाहिजे.

नियम मोडला नाही तरी नाणे दुर्मीळ होते, याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९११ साली पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या गळ्यातील हाराला एक हत्ती होता. तो इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना डुक्कर वाटला आणि गहजब झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते; त्यांपैकी सुमारे ७ लाखच बाहेर गेले होते, उरलेले सरकारने वितळवले आणि पुढच्या सालापासून चित्र सुधारले. यंत्राने येथे काहीच चूक केली नव्हती. चूक चित्राची होती. म्हणजे दुर्मीळता हा एक प्रश्न आणि यंत्राचा दोष हा दुसरा. दलाल दोन्हींची खिचडी करतो.

आता या सगळ्याची किंमत कोण मोजतो ते सांगतो. लातूरच्या मोंढ्यात पोती उचलणाऱ्या एका मध्यमवयीन हमालाजवळ वैष्णोदेवीचे चित्र असलेले २०१२ सालचे दहा रुपयांचे नाणे होते. असल्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, ही अफवा मोबाईलवरून गावोगाव फिरलेली. त्याला एका इसमाचा फोन आला. नाणे आम्ही घेतो, परंतु आधी नोंदणीची फी भरा. ती भरली. मग कराचे पैसे. तेही भरले. मग रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा खर्च. हे तिसरे पैसे त्याने मुकादमाकडून उचल म्हणून आणले आणि पुढे हंगामभर पाठीवरून फेडले. फोन त्यानंतर कधी लागला नाही. नाणे मात्र त्याच्याजवळच राहिले. त्या लोकांना नाणे नकोच होते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात सर्वांत शेवटी आली. तो नाणे घेऊन आमच्याकडे आला तेव्हा रडला नाही, एवढेच म्हणाला, “घरी सांगू नका, भाऊ.” पैसे गेले त्याहून ही लाज मोठी असते, आणि अशा लाजेवरच हा धंदा टिकून आहे. कारण फसलेला गप्प बसतो, आणि शेजारचा त्याच जाळ्यात पाय घालतो. आम्ही त्याला घेऊन पोलिसांत तक्रार दिली. आणि त्याच्याच संमतीने, नाव न घेता, ही हकीकत मोंढ्याच्या दारावर जमलेल्या हमालांना सांगितली. त्या दिवशी आणखी तिघांनी आपापली नाणी खिशातून बाहेर काढली.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून स्पष्ट सांगितले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि असल्या व्यवहारासाठी ती कोणाकडूनही फी किंवा दलाली मागत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर, खरा गिऱ्हाईक पैसे देतो. जो आधी मागतो तो गिऱ्हाईक नव्हे.

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या बाजारात खोट्याला लाख रुपये देण्याच्या गोष्टी होतात, त्याच बाजारात खऱ्याला नकार मिळतो. दहा रुपयांचे नाणे ‘चालत नाही’ म्हणून भाजीवाल्या बाईला किती वेळा परत केले गेले असेल! कोणी म्हणे रेघा दहा हव्यात, कोणी म्हणे पंधरा. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी सांगितले की, दहा रुपयांची नाणी तोपर्यंत १४ प्रकारच्या चित्रांची काढली असून ती सर्व कायदेशीर चलन आहेत. तरी अफवेचे राज्य चालूच. नांदेडला रेल्वेत काम करणाऱ्या एका बांधवाजवळ चंद्रकोरीसारखा खाच असलेला रुपया होता. दुकानदाराने खोटा म्हणून फेकला, तो त्याने मुकाट्याने उचलला. आम्ही भिंगाखाली पाहिले तर खाचासमोरची कड पुसट, जवळची अक्षरे निमुळती. टांकसाळीची अस्सल चूक. लाख रुपये सोडाच, त्याने तो विकलाही नाही. परंतु त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते असे होते की, आपण खोटे नाणे चालवणारे नव्हतो, हे सिद्ध झाले.

आणखी एक प्रसंग सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण तो आपल्याच माणसाचा आहे. एका वर्कशॉपमधील तरुण टर्नरने आम्हांस दोन्ही बाजूंना छापच असलेला रुपया दाखवला. काम इतके सुबक की पाहत राहावे. एक नाणे लेथवर आतून पोखरायचे, दुसरे बारीक करून त्यात बसवायचे. कडेच्या आतल्या अंगाला केसाएवढी सांध असते आणि नाणे दगडावर टाकले की बद्द वाजते. आजोबांची परीक्षा येथे अजूनही चालते. त्याने अशी काही नाणी ‘टांकसाळीची चूक’ म्हणून एका दलालाला विकली होती. आम्ही त्याला म्हणालो, “बाबा, तुझा हात सोन्याचा आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु हे नाणे पुढे कोणाच्या गळ्यात पडणार? सराफाच्या नव्हे. तुझ्या बापासारख्या कोणा हमालाच्या.” नाण्याला कानस लावणे हा कायद्याच्या दृष्टीनेही पोरखेळ नाही, हे त्याला समजावून सांगितले. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि विद्रूप केलेले नाणे कायदेशीर चलनही राहत नाही. त्याने तो उद्योग सोडला. आज तोच आमच्याबरोबर बसून लोकांना सांध कोठे शोधावी ते दाखवतो. ज्याला करता येते त्यालाच ओळखताही येते.

मित्रहो, टांकसाळीतून चुकीचे नाणे निघाले म्हणजे तेथील कामगार आळशी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जेथे नाणी कोट्यवधींनी पडतात, तेथे पट्टी कधी अडकणार, ठसा कधी फुटणार. तपासणीत बहुतेक दोष बाहेर काढले जातात, एखादा निसटतो. त्या निसटलेल्या नाण्यावर कामाचा खरा इतिहास उमटलेला असतो : येथे पट्टी अडकली, येथे पोलाद थकले. ती चूक प्रामाणिक असते, कारण तिने कोणाला फसवायचे ठरवलेले नसते. तिची किंमत मिळालीच तर ती जाणत्या संग्राहकाकडून मिळते, आणि बहुधा ती माफकच असते.

म्हणून शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. शंकेचे नाणे आले तर त्याच सनाचे, त्याच किमतीचे साधे नाणे शेजारी ठेवा. तुलनेशिवाय परीक्षा नाही. दुसरे, भिंग, ओळखीच्या सराफाचा बारीक काटा आणि लोहचुंबक एवढी साधने पुरेत. तिसरे, नाणे चिंच किंवा राख लावून घासू नका. घासल्याने खुणा जातात आणि खऱ्याचेही खोटे दिसू लागते. चौथे, विचारा : ही चूक चकतीची, ठशाची की ठोक्याची? विकणाऱ्याला उत्तर देता आले नाही तर नमस्कार करून पुढे चला.

या सभेत फिटर आहेत, टर्नर आहेत, डाळमिलमध्ये आणि प्रेसवर काम केलेली माणसे आहेत. धातू दाबला की कोठे पळतो, हे तुम्हांस कोणी पुस्तकातून शिकवायला नको. मोबाईलवरचा अनोळखी माणूस तुम्हांस नाण्याची किंमत सांगू लागेल तेव्हा आपल्या हाताला जे ठाऊक आहे ते आधी विचारा. आणि फसलातच तर घरात तोंड लपवून बसू नका; संघटनेच्या कचेरीत या, चारचौघांत सांगा. तुमच्या एका बोलण्याने दहा जणांच्या उचली वाचतील.

व्याख्यान संपल्यावर आम्ही भिंग आणि काटा घेऊन येथेच बसणार आहोत. ज्यांच्या रुमालात नाणे आहे त्यांनी ते निःसंकोचपणे घेऊन यावे. फी लागणार नाही.